अमेरिकेच्या वसाहतकाळातले सहीचे कागद: काय घ्यावं आणि कसं पारखावं

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारलं आहे: जुन्या कागदपत्रांची ओढ पहिल्यापासून आहे, आता थोडे पैसे हाताशी आहेत आणि एका लिलावाच्या यादीत तीन वस्तू मनात भरल्या आहेत. एक, १७७६ सालची न्यू जर्सीची कागदी नोट, जिच्यावर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या जॉन हार्टची सही आहे. दुसरी, जॉर्ज वॉशिंग्टनची सही. फक्त सहीची पट्टी, त्याच्या चित्राखाली चौकटीत बसवलेली. तिसरी, १७४१च्या सुमाराचं जमिनीचं खरेदीखत, ज्यावरची नावं कुणाला ठाऊक नाहीत. यातलं काय घ्यावं, खरं-खोटं कसं ओळखावं, आणि पुढेमागे पुण्याच्या घरी नेता येईल का?

आधी थेट उत्तर देते. खरेदीखत अखंड असेल तर पहिलं ते घ्या. त्यानंतर हार्टची नोट. वॉशिंग्टनची पट्टी घेऊ नका, खरी असली तरी नको. मी या कागदांमध्ये बरीच वर्षं काढली आहेत आणि माझं मत दरवर्षी पक्कं होत गेलं आहे: नाव विकत घेणारा माणूस महाग वस्तू घेतो आणि त्याच्या हाती फार थोडं येतं. ज्या कागदाने एकेकाळी काहीतरी काम केलं, जमीन हस्तांतरित केली, शिपायाचा पगार चुकता केला, कर्ज फेडल्याची साक्ष दिली, तो पूर्ण कागद सहीसकट हाती यायला हवा. सही ही त्या कामाची शेवटची ओळ असते.

बाजारात या वस्तूंची प्रतवारी ठरलेली आहे. पूर्ण पत्र स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केलेली असेल तर यादीत एएलएस लिहितात. लेखनिकाने लिहिलेलं आणि मालकाने फक्त सही केलेलं असेल तर एलएस. सनद, पावती, हुकूम, खरेदीखत असा दस्तऐवज असेल तर डीएस. सर्वांत खाली कापलेली सही. एकाच माणसाच्या या चार प्रकारांच्या किमतीत दहापटीचा, कधी त्याहून जास्त फरक पडतो. मजकुरावरही किंमत ठरते. वॉशिंग्टनने तंबाखूच्या हिशेबाबद्दल लिहिलेलं पत्र आणि युद्धाच्या धामधुमीत काँग्रेसला, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, लिहिलेलं पत्र यांची तुलनाच होत नाही. शिवाय युद्धकाळातली त्याची बरीचशी पत्रं टेंच टिलमन, अलेक्झांडर हॅमिल्टन अशा मदतनिसांच्या अक्षरात आहेत. ते काही खोटं नाही. फक्त यादीत तसं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे.

पट्ट्या कापायची ही खोड एकोणिसाव्या शतकाने लावली. त्या काळी संग्राहकांना सही हवी असायची, पत्र नव्हे, म्हणून कात्री चालायची. वॉशिंग्टनची कागदपत्रं संपादित करणाऱ्या जॅरेड स्पार्क्ससारख्या विद्वानानेदेखील, पहिल्या शपथविधीसाठी तयार केलेल्या पण न वापरलेल्या भाषणाचे वॉशिंग्टनच्या हातचे कागद तुकडे तुकडे करून स्नेह्यांना वाटून टाकले. ते भाषण आज पूर्ण वाचता येत नाही. वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या वाड्याजवळच्या घरी तरुणपणी शिक्षक म्हणून राहिलेल्या विल्यम स्प्रेग या पाद्र्याला तर वॉशिंग्टनच्या पुतण्याने, बुशरॉड वॉशिंग्टनने, नक्कल करून ठेवण्याच्या अटीवर मूळ पत्रं न्यायची परवानगी दिली होती. पुढे याच स्प्रेगने जाहीरनाम्याच्या सर्व ५६ सह्या करणाऱ्यांचा पहिला पूर्ण संच जमवला. अमेरिकेत हा छंद तिथून रुजला, आणि त्याची हाव, त्याची जिद्द आणि त्याने केलेली नासधूसही तिथूनच सुरू झाली.

त्या ५६च्या संचाचं वेड आजही आहे. त्यामुळे सगळ्या बाजाराच्या किमती एका माणसाभोवती फिरतात: जॉर्जियाचा बटन ग्विनेट. १७७६च्या उन्हाळ्यात त्याने सही केली आणि १७७७च्या मे महिन्यात लॅकलन मॅकिन्टॉशशी झालेल्या द्वंद्वात लागलेल्या गोळीने तो मेला. त्याआधी तो सेंट कॅथरिन्स बेटावरचा कर्जात बुडालेला जमीनदार होता. त्याची पत्रं जपून ठेवावीत असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं. म्हणून त्याच्या जेमतेम पन्नासेक सह्या माहीत आहेत, आणि त्यातल्या बहुतेक संस्थांच्या तिजोरीत आहेत. २०१० साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याची एक सही ७,२२,५०० डॉलरला गेली. दक्षिण कॅरोलिनाचा थॉमस लिंच ज्युनिअर हा दुसरा दुर्मीळ. तो १७७९ साली समुद्रात बेपत्ता झाला. त्याच्या ज्या सह्या बाजारात येतात त्या बहुधा त्याने स्वतःच्या पुस्तकांवर घातलेलं नाव कापून काढलेल्या असतात. तुम्ही या संचाच्या मागे लागू नका. तो ग्विनेटपाशी येऊन थांबतो, आणि तोवर उरलेल्या माणसांकडे तुम्ही फक्त रिकामी जागा भरायची म्हणून बघायला लागलेला असता. तुम्ही जिथे राहता तो प्रांत धरा. स्टॉक्टन आणि विदरस्पून प्रिन्स्टनचे, हॉपकिन्सन बॉर्डनटाऊनचा, क्लार्क एलिझाबेथटाऊनकडचा, हार्ट होपवेलचा. न्यू जर्सीचे हे पाचही सही करणारे तुमच्या घरापासून गाडीने दोन तासांच्या आत राहत होते. त्यांची घरं, थडगी, त्यांच्या काळचे रस्ते पाहता येतात. कागद समजायला याचा फार उपयोग होतो.

आता त्या खरेदीखताकडे येऊ.

ते कागदावर असेल किंवा चामड्यावर, म्हणजे पार्चमेंटवर. वरची कड नागमोडी कापलेली असेल तर तशी पद्धतच होती: एकाच पानावर दोन प्रती लिहून मधून वेडावाकडा छेद द्यायचा, म्हणजे वाद झाल्यावर दोन तुकडे जुळवून पाहता यायचे. मजकुरात तारीख राजाच्या कारकिर्दीच्या वर्षात दिलेली असते, आणि इथे खोटेपणा करणारे हमखास अडकतात. दुसरा जॉर्ज ११ जून १७२७ला गादीवर आला. म्हणजे त्याच्या कारकिर्दीचं चौदावं वर्ष ११ जून १७४० ते १० जून १७४१. शिवाय १७५२पर्यंत इंग्लंड आणि तिच्या वसाहतींचं कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे खतावर ‘फेब्रुवारी १७४०, कारकिर्दीचं चौदावं वर्ष’ असं दिसलं तर ते आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७४१ आहे आणि तारीख बरोबर आहे. बरेच लेखनिक अशा महिन्यांत ‘१७४०/४१’ असं दुहेरी वर्ष लिहीत. १७५२च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ उजाडली. मधल्या अकरा दिवसांतली तारीख कुठल्याही वसाहती कागदावर दिसली तर तिथेच थांबा.

खाली विकणाऱ्याची सही किंवा अंगठ्याऐवजी काढलेली खूण, लाखेची मोहोर, साक्षीदार. मागच्या बाजूला न्यायाधीशापुढे दिलेली कबुली आणि नोंदणीच्या वहीचा क्रमांक व पान. मोडी कागद हाताळलेल्यांना इथे थोडं वेगळं वाटेल. पेशवाईतल्या कागदात शिक्का आणि ‘मोर्तब सूद’ पाहून खात्री करायची सवय असते. इथे मोहोर असते, पण वजन सहीचं आणि साक्षीदारांचं. म्हणून साक्षीदारांची नावं आधी वाचा. गावचा सर्वेक्षक, दुकानदार, पाद्री, पुढे प्रांताच्या सभेत गेलेला एखादा तरुण वकील, ही माणसं साक्षीदार म्हणून सापडतात, आणि यादी बनवणाऱ्याचं बहुतेक वेळा तिकडे लक्षच गेलेलं नसतं. ग्विनेटच्या काही सह्याही अशाच दुसऱ्यांच्या कागदांवर, साक्षीच्या रेषेवर मिळालेल्या आहेत.

हार्टच्या नोटेबद्दल. २५ मार्च १७७६च्या तारखेच्या त्या नोटा बर्लिंग्टनच्या आयझॅक कॉलिन्सने छापल्या. दर्शनी बाजूला अजून ब्रिटिश राजचिन्ह आहे, मागे झाडाच्या पानाचा ठसा आणि ‘नक्कल केल्यास मृत्युदंड’ असा इशारा. पानाचा ठसा ही फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिनची युक्ती: खऱ्या पानाच्या शिरांवरून ओतीव ठसा तयार करायचा, कारण कुठलाही कोरणारा त्या शिरा हुबेहूब कोरू शकणार नाही. ही पद्धत त्याने गुप्त ठेवली होती. प्रत्येक नोटेवर तिघांनी हाताने सही करायची असे, म्हणून हार्टची सही आज काही शे डॉलरमध्ये मिळते. स्वस्त आहे म्हणून ती हलकी समजू नका. चारेक महिन्यांनी तोच माणूस त्या राजाविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सही करणार आहे. वर्षअखेरीस इंग्रज आणि त्यांनी भाड्याने आणलेलं हेसियन, म्हणजे जर्मन, सैन्य न्यू जर्सीत घुसल्यावर त्याला घर सोडून सोरलंडच्या डोंगरात लपावं लागलं. जून १७७८मध्ये, मॉनमथच्या लढाईच्या आदल्या आठवड्यात, वॉशिंग्टनच्या सैन्याचा तळ त्याच्याच होपवेलच्या शेतावर पडला. पुढच्या वर्षी तो गेला. राजचिन्हाखाली त्याची सही असलेला हा कागद त्या बदलाचा साक्षीदार आहे, आणि तो अजून एखाद्या महिन्याच्या पगारातून घेता येतो.

नोट घेताना तीन सह्यांपैकी हार्टची कुठली ते मोठं करून पाहा आणि ती फिकी पडलेली असेल तर सोडा, दुसरी मिळेल. सही गडद करण्यासाठी कुणीतरी नंतर शाई फिरवलेल्या नोटाही बाजारात असतात. भिंगाखाली जुन्या रेघेच्या कडेला नवी रेघ वेगळी दिसते.

खरं-खोटं ओळखण्याचा विषय मोठा आहे, पण सुरुवात साध्या गोष्टींनी होते. पहिली म्हणजे रंग. लोकांना वाटतं की जुना कागद पिवळा-तपकिरी, कुरकुरीत असणार. उलट आहे. अठराव्या शतकाचा कागद सुती आणि तागाच्या चिंध्यांपासून बनलेला असतो. तो १८९०च्या वर्तमानपत्रापेक्षा पांढरा आणि बळकट निघतो. संग्रहालयांच्या दुकानांत विकले गेलेले, मुद्दाम चुरगळून तपकिरी केलेले ‘पार्चमेंट’चे नमुने घराघरांत सापडतात आणि ते घेऊन येणाऱ्यांची निराशा मला दरवेळी बघावी लागते. दिव्यासमोर धरल्यावर खऱ्या कागदात एकमेकींना लागून असलेल्या आडव्या बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या दूर दूरच्या उभ्या रेषा दिसतात, बऱ्याचदा जलचिन्हही. रेषांविना गुळगुळीत कागद १७५०च्या दशकात इंग्लंडमध्ये निघाला, पण रोजच्या वापरात तो शतकाच्या शेवटी आला. १७४१च्या खतावर तो दिसता कामा नये. अतिनील दिव्याखाली कागद निळा-पांढरा लखलखला तर त्यात विसाव्या शतकातली चमक आणणारी रसायनं आहेत, प्रश्न संपला.

शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. लिहिताना फिकी, हवेशी संयोग होऊन काळी पडते आणि दोनशे-अडीचशे वर्षांत तपकिरी होते. जिथे दाट पडली तिथे कागदाला खाऊन भोकं पाडते. टाक पिसाचा, म्हणून रेघेची जाडी दाबाप्रमाणे सतत बदलते. पोलादी निबाच्या दोन समांतर खाचा दिसल्या तर तो लेखक एकोणिसाव्या शतकातला किंवा पुढचा. आता सर्वांत उपयोगाची खूण सांगते. जुन्या कागदावर जिलेटिनचा थर असे. तो काळाच्या ओघात जातो. त्यामुळे आज कुणी जुन्या कोऱ्या पानावर लिहिलं तर शाई तंतूंमध्ये पसरते, कडा फुलतात. घडीच्या भेगेत शाई उतरलेली असेल तर लेखन घडीनंतरचं आहे. कागदाच्या भोकाच्या काठाशी अक्षर सावरून थांबलेलं असेल तर भोक आधीचं आहे. पत्र असेल तर लिफाफा शोधू नका, तेव्हा तो नसे. पानच घडी करून चौथ्या बाजूवर पत्ता लिहीत आणि लाखेने बंद करीत. उघडताना लाखेखालचा कागद फाटे, आणि घडी घातल्यावर ते फाटलेलं भोक समोरच्या मोहोरेशी जुळलं पाहिजे. पत्त्याच्या बाजूला पत्र मिळालेल्याच्या हातची तारीख आणि विषयाची टीप असेल तर उत्तम. खोटं करणारे पत्र लिहितात, पण मिळणाऱ्याच्या अक्षरातली टीप लिहायला सहसा विसरतात किंवा घाबरतात.

हे सगळं पार करणारी माणसंही होऊन गेली आहेत. इंग्लंडहून आलेला रॉबर्ट स्प्रिंग एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियात वॉशिंग्टनच्या सहीचे परवाने आणि धनादेश बनवून विकत होता. कागद जुन्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांचा. त्याची कामं अजून फिरतात, म्हणून वॉशिंग्टनचा परवाना दिसला की आधी स्प्रिंगचा संशय घ्यायचा असा इथे नियमच आहे. विसाव्या शतकात जोसेफ कोझीने फ्रँकलिन आणि लिंकन यांचे कागद बनवले. मात्र सर्वांत भीषण प्रकरण मार्क हॉफमनचं. मॅसॅच्युसेट्समध्ये स्टीफन डे याने छापलेली ‘फ्रीमनची शपथ’, म्हणजे वसाहतीचा नागरिक होताना घ्यायची शपथ, ही त्या वसाहतीतली पहिली छापील वस्तू मानली जाते आणि तिची एकही प्रत उरलेली नाही. १९८५ साली हॉफमनने ती ‘सापडल्याचं’ जाहीर केलं आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे पंधरा लाख डॉलर मागितले. कागद जुना, शाई जुन्या पाककृतीची; पहिल्या तपासणीत विरोधात काही निघालं नाही. मालकीची पावती हवी म्हणून त्याने न्यूयॉर्कच्या एका दुकानात आधी आपलाच एक बनावट कागद नेऊन ठेवला आणि तो किरकोळ किमतीत विकत घेऊन पावती मिळवली. उघडकीला येण्याच्या भीतीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने बॉम्ब ठेवून दोन माणसं मारली. शेवटी त्याची शाई भिंगाखाली मगरीच्या कातडीसारखी तडकलेली दिसली आणि सगळं कोसळलं. यावरून मी दोन गोष्टी पाळते. दुकानाची पावती म्हणजे मालकीचा इतिहास नव्हे. आणि जी वस्तू कुणालाच कधी माहीत नव्हती आणि अचानक एकाच माणसाकडून एकामागून एक निघू लागली, तिच्यापासून लांब राहायचं, मग प्रयोगशाळेचा अहवाल कसाही असो.

मजकूर तपासायला आज जी सोय आहे ती आमच्या आधीच्या पिढीला नव्हती. ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मोफत संग्रहात वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफर्सन, हॅमिल्टन, मॅडिसन यांची पत्रं शोधता येतात. पत्रावरची तारीख घ्या आणि त्या दिवशी तो माणूस कुठे होता ते पाहा. वॉशिंग्टनची मूळ कागदपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर छायाचित्रांसह आहेत. एखादं अक्षर त्याने तरुणपणी आणि उतारवयात कसं काढलं ते शेजारी ठेवून पाहता येतं. एकाच नमुन्याशी तुलना करू नका. खोटी सही ही बहुतेक वेळा एका नमुन्याची नक्कल असते आणि त्या एकाशी ती फारच छान जुळते.

एकाच नावाच्या माणसांनी तर कित्येकांना फसवलं आहे. जॉन विन्थ्रॉप मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर, त्याचा मुलगा जॉन विन्थ्रॉप कनेटिकटचा. प्लिमथचा विल्यम ब्रॅडफर्ड फार दुर्मीळ. त्याच नावाचा त्याचा मुलगा मेजर, शिवाय फिलाडेल्फिया-न्यूयॉर्ककडे त्याच नावाचे मुद्रक, आजोबा आणि नातू. कनेटिकटचे युद्धकाळातले पगाराचे हुकूम बाजारात भरपूर आहेत आणि त्यावर ऑलिव्हर वॉलकॉट अशी सही असते. ती बहुधा जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या बापाची नसून मुलाची असते, जो पुढे अमेरिकेचा अर्थमंत्री झाला. मुलगाही मोठा माणूस, आणि ते हुकूम घेण्यासारखे आहेत. फक्त किंमत मुलाची द्यावी. तसंच फ्रँकलिनची बरीच ‘वसाहतकालीन’ म्हणून सांगितली जाणारी खतं खरं तर १७८५ ते १७८८ या काळातली, पेनसिल्व्हेनियाच्या कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष म्हणून त्याने सही केलेले जमिनीचे पट्टे आहेत. सही अस्सल, काळ वेगळा.

कायद्याचा भाग लोक सर्वांत कमी विचारतात आणि नुकसान तिथेच होतं. १७६७ आणि १७६८ची उत्तर कॅरोलिनातली दोन आरोपपत्रं. त्यावर राजाच्या वतीने सही करणारा वकील विल्यम हूपर, जो पुढे जाहीरनाम्यावर सही करणारा झाला. एका विक्रेत्याने ती रीतसर लिलावात घेतली होती. राज्य सरकारने दावा केला की ही न्यायालयाची कागदपत्रं आहेत, ती कधी विकलीच गेली नाहीत, आणि १९७७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कागद राज्याला परत दिले. राजाच्या न्यायालयाचे कागदसुद्धा वारशाने राज्याचे झाले, असं त्या निकालाने ठरलं. अलीकडचं उदाहरण हॅमिल्टनने १७८०मध्ये लाफाएतला, अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंच सेनानीला, लिहिलेल्या पत्राचं. मॅसॅच्युसेट्सच्या अभिलेखागारातून काही दशकांपूर्वी ते चोरीला गेलं होतं, २०१८ साली व्हर्जिनियातल्या लिलावात आलं, आणि न्यायालयाने ते राज्याकडे पाठवलं. ज्या कुटुंबाकडे ते होतं त्यांना रिकाम्या हाताने परतावं लागलं.

म्हणूनच मी तुम्हाला खरेदीखत सुचवते. खताची नोंद कारकून वहीत उतरवून घेई आणि मूळ कागद मालकाला परत देई. तो खासगी हातात असण्यात काही वावगं नाही. नोटांचं तसंच, त्या हातोहात फिरायलाच छापल्या होत्या. पावत्या, खासगी पत्रं, शिकाऊ मुलांचे करार, हेही निर्धोक. पण समन्स, आरोपपत्र, सभेची कार्यवाही, कराची यादी, गव्हर्नरला आलेला अर्ज असा कागद दिसला तर तो कार्यालयातून बाहेर कसा आला हे विचारा आणि समाधानकारक उत्तर आलं नाही तर हात लावू नका. कागदाच्या कोपऱ्यात खोडलेला शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेला जुना क्रमांक पुसलेला दिसला तरीही.

अशा संग्रहात दोन प्रकारचे कागद असे येतील की ते घेताना मन जड होईल. एक, गुलाम माणसांच्या विक्रीच्या पावत्या. न्यू जर्सीतही त्या आहेत, तेव्हा उत्तरेतही गुलामगिरी होती. त्या पावतीवरचं पहिलं नाव, ‘फिलिस’ किंवा ‘सीझर’, त्या माणसाच्या अस्तित्वाची कदाचित एकमेव लेखी खूण असते. घेतलीत तर तिचं छायाचित्र आणि वाचन स्थानिक इतिहास मंडळाला आणि वंशावळ शोधणाऱ्यांना खुलं करा. ती तिजोरीत डांबून ठेवण्याची वस्तू नाही. दुसरे मूळ रहिवाशांचे जमीन दिल्याचे कागद. १६३८च्या ऱ्होड आयलंडच्या कागदावर नॅरगॅन्सेट प्रमुख कॅनॉनिकसने धनुष्य आणि मियांटोनोमीने बाण काढून खूण केली आहे. असे कागद बाजारात आले तर ते बहुधा सरकारी दप्तरातून फुटलेले असतात, आणि त्यावर त्या जमातींचाही हक्काचा प्रश्न असतो. ते पाहायला अभिलेखागारात जा, विकत घेऊ नका.

मराठी वाचकाला स्वतःचा धागा हवा असेल तर तोही आहे. यॉर्कटाऊनला १७८१ साली शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांत भारताचा गव्हर्नर जनरल झाला आणि टिपूविरुद्ध पेशवे आणि निजाम यांच्याशी त्याने युती केली. १८०४मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेपासून दिल्ली राखणारा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी डेव्हिड ऑक्टरलोनी तर बॉस्टनमध्ये जन्मलेला. या दोघांचे कागद वसाहती अमेरिका आणि मराठ्यांचा शेवटचा काळ एकाच फायलीत आणतात. माझ्या माहितीत तरी या अंगाने मन लावून जमवणारं कुणी नाही.

पुण्याला नेण्याबद्दल: शक्यतो नेऊ नका. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक मोलाची ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. एकदा आत गेलेला अमेरिकन कागद पुढे विकायला किंवा दान द्यायला परत बाहेर काढताना हा प्रश्न उभा राहू शकतो. जायचंच असेल तर आयातीच्या वेळचे सगळे कागद जपा आणि आधी कस्टमच्या जाणकाराला विचारा. हवेचाही विचार करा. मायफळाच्या शाईचा मुख्य शत्रू दमटपणा आहे. पावसाळ्यात ती कागद दुप्पट वेगाने खाते असं समजून चाला. आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवता आली पाहिजे. कुठेही ठेवलात तरी पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, अंधारात, आडवे. भिंतीवर लावायचं असेल तर छायाप्रत लावा. लॅमिनेशन कधीच नको, चिकटपट्टी कधीच नको. फाटलेला कागद जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने जोडणारा प्रशिक्षित जतनकार गाठा. त्याचं काम उलटवता येतं, घरच्या गोंदाचं येत नाही.

आता या लिलावासाठी. खरेदीखताबद्दल लिलावगृहाला आज लिहा: दोन्ही बाजूंची मोठी छायाचित्रं, नोंदणीची वही आणि पान, मोहोरेची स्थिती, आधीचा मालक, आणि अस्सलपणाची हमी किती वर्षांची हे लेखी. वहीचा क्रमांक मिळाला की ट्रेंटनच्या राज्य अभिलेखागारात किंवा त्या काउंटीच्या कारकुनाकडे जुळवून घ्या. हार्टच्या नोटेसाठी सहीचा भाग मोठा करून मागा. बोलीची कमाल मर्यादा ठरवताना खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन मिळवा. ते हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतं. वॉशिंग्टनच्या पट्टीची चौकट उघडून मागची बाजू दाखवायला लिलावगृह तयार असेल तर ते छायाचित्र जरूर मागवा. घेण्यासाठी नाही, मागच्या बाजूला कापलेल्या पत्राचे दोन शब्द उरलेले असतात, आणि ते ‘फाउंडर्स ऑनलाइन’मध्ये शोधून पाहता येतात.